फोकनाड कोणाला म्हणावं

‘फोकनाड’ हा शब्द आमच्याकडे पोरं पाळण्यातच शिकतात. कोणी छाती फुगवून काही सांगायला लागला, की समोरचा हात झटकून म्हणतो, “फोकनाड नको मारू बे!” झालं. सांगणाऱ्याची हवा तिथेच जाते. पुण्याकडच्या माझ्या जावेला मी याचा अर्थ ‘थाप’ असा सांगून पाहिला, मग ‘बढाई’ असा सांगून पाहिला. तिला तो कळला. मला मात्र दर वेळी वाटत राहिलं, की आमच्या सरांनी हे ऐकलं असतं तर मला बाकावर उभं केलं असतं.

सरांचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्याला हार घालायला लागतात, आणि हारांचा त्या माणसाला मनस्वी तिटकारा होता.

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या जूनमध्ये मी कारंज्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. मी पिपरी मेघेची, म्हणजे वर्ध्याच्या उंबरठ्यावरची. घाडग्यांचं कारंजा म्हणजे माझ्या आईच्या मते जगाचं टोक. शाळा नागपूर-अमरावती रस्त्याला लागूनच होती. ट्रक आला की धडा थांबायचा, ट्रक गेला की पुढे सरकायचा. धाब्यांवरच्या फोडणीचा वास दुसऱ्या तासापासून वर्गात यायचा आणि पोरांचं गणितातलं लक्ष उडायचं.

पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी तोऱ्यात सांगून टाकलं, “माझं अक्षर छापल्यासारखं आहे हं.” कोपऱ्यात एक गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. खादीचा सदरा, कोपरावर ठिगळ, एका पायात चप्पल आणि दुसरी चप्पल बाकाखाली कुठेतरी. मान वर न करता ते म्हणाले, “दाखवा.”

“काय?”

“अक्षर. फळा तो राह्यला. खडू हा घ्या.”

सगळे शिक्षक बघताहेत, माझे कान तापलेले. लिहिल्या दोन ओळी. गृहस्थ उठले, एका चपलेवर लंगडत फळ्यापाशी आले, चष्मा कपाळावर चढवून मिनिटभर अक्षर न्याहाळलं. “हां. ही फोकनाड नाई. बसा, बाई.”

मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हेच आमचे सर. मराठी शिकवायचे. बेचाळीसच्या चळवळीत सतराव्या वर्षी तुरुंगात गेलेले. सरकारने दिलेलं ताम्रपत्र घरी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेलं होतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. वर्गात ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. पण काही महत्त्वाचं सांगायचं असलं की लगेच वऱ्हाडीवर येत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “प्रमाण भाषेत खोटं बोलणं सोपं जाते, बाई. इस्त्रीचे कपडे घातले का चोरही सायब दिसते.”

फोकनाड हा त्यांचा ध्यास होता. दुसरे लोक हा शब्द उधळून देतात, सर तो जपून वापरायचे. एकदा मधल्या सुट्टीत मी कोणालातरी सहज ‘फोकनाड मारतो मेला’ म्हटलं, तर शेंगदाणे खाता खाता त्यांनी माझी शाळा घेतली.

“थांबा. लबाडी वेगळी, थाप वेगळी. लबाडाले मालूम असते का खरं काय हाये, तो ते लपवते. थाप मारणारा हसवाले मारते. संपली का तोही हसते. फोकनाडवाल्याचं तसं नाई. त्याच्या पोतडीत काहीच नसते, पण तो ती अशी खांद्यावर घेते जशी लय भारी हाये. अन् चालता चालता त्यालेच वजन लागते!”

“मग ओळखायची कशी?”

“‘दाखव’ म्हणाचं. दाखवलं तर तो दावा. विषय बदलला तर फोकनाड.”

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. माणूस खरोखर बघायला जायचा. हिंगणीचा एक पालक भाच्याच्या दाखल्यासाठी आला होता. बोर धरणाकडचं जंगल त्यांच्या गावाला लागूनच, त्यामुळे बोलता बोलता त्याने सांगितलं, की आमच्या अंगणातल्या रांजणात दर अमावास्येला वाघ पाणी प्यायला येतो. आम्ही सगळे ‘अरे बाप्पा!’ म्हणून मोकळे झालो. सर मात्र पुढच्या अमावास्येला तीन एस.ट्या बदलून हिंगणीला गेले. त्या माणसाच्या ओट्यावर रात्र काढली, सकाळी त्याच्याच घरी पिठलं-भाकर खाल्ली आणि सोमवारी पहिल्या तासाला शाळेत हजर.

“काऊन गेलते, सर?” शिपायाने विचारलं.

“त्यानं सांगतलं म्हणून गेलतो.”

“मंग?”

“रांजण हाये,” सर म्हणाले. “रांजण तेवढा खरा.”

हा शब्द आला कुठून, याचा त्यांनी वीसेक वर्षं पिच्छा पुरवला. त्यासाठी निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. गावातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, फोक म्हणजे झाडाची ओली काडी, ती वाळली की आतून पोकळ होते, त्यावरून. धाब्यावरच्या एका सरदारजी ड्रायव्हरने सांगितलं, उसाचा रस काढला की मागे उरतो तो फोक, तुमचा शब्द आमच्याकडूनच आला, मास्टरजी. कीर्तनकार बुवांनी तर फोकन्या नावाचा एक भाटच उभा केला. तो म्हणे कोण्या राजाच्या दरबारात नसलेल्या लढायांचं वर्णन करायचा. सर प्रत्येकाला विचारत, “दाखवता काय?” म्हातारा काडी आणून दाखवायचा, ती भरीव निघायची. सरदारजी चहा मागवायचा. बुवा गजर सुरू करायचे. वहीत प्रत्येक उत्पत्तीपुढे सरांनी लाल शाईने लिहिलं होतं: ‘दाखवलं नाही.’

एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी वर्गात सांगितलं की हा शब्द संस्कृतातून आलेला आहे. सरांनी नम्रपणे विचारलं, “कोणत्या ग्रंथात, साहेब?”

“आहे कुठेतरी.”

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: ‘साहेबांचे मत – आहे कुठेतरी.’ पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनी शेरेपुस्तकात शेरा मारला, ‘शिक्षक उद्धट आहेत.’ सरांनी तो शेरा जसाच्या तसा निळ्या वहीत उतरवून घेतला आणि पुढे लाल शाईने लिहिलं, ‘दाखवलं.’ मला वही दाखवून म्हणाले, “हा एकच मानूस असा भेटला, ज्याचं म्हणणं मी सोताच साबित करून देलं.”

शेवटी त्यांचा निष्कर्ष असा, की फोकनाड कुठून आली हे ठासून सांगणारे सगळेच फोकनाड मारून राहिले आहेत. “म्हंजे शब्द जिता हाये,” ते समाधानाने म्हणत.

अशा या माणसाची एक गोष्ट सगळ्या कारंज्याला पाठ होती. दर पंधरा ऑगस्टला झेंडा सरांच्या हातून फडकायचा आणि मग लोक ती गोष्ट मागून घ्यायचे. तुरुंगात एक दिवस किडक्या ज्वारीची भाकर आली. सतरा वर्षांच्या सरांनी ती थाळी उचलली आणि जेलरच्या बुटांवर फेकली. मग दुसऱ्याने फेकली, तिसऱ्याने फेकली, आणि अख्ख्या बराकीत थाळ्यांचा असा खणखणाट झाला की बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. सर उत्तम सांगायचे. थाळी फेकल्याचा हात असा काही करायचे की पुढच्या रांगेतली पोरं अंग चोरून घेत. मी चार वर्षं ऐकली, चारही वेळा माझ्या अंगावर काटा आला. ही गोष्ट मात्र ते प्रमाण भाषेत सांगत. माझ्यासारख्या शहाणीच्या हे तेव्हा ध्यानात यायला नको?

आता दादासाहेब. हे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. संत्र्याच्या बागा, दोन ट्रॅक्टर, बोटात पुष्कराज. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. शाळेच्या चार खोल्या त्यांच्याच विटांनी उभ्या राहिल्या होत्या. पण दर पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ठिगळाच्या सदऱ्यातल्या एका मास्तरच्या हातात आणि आपण अध्यक्ष असून बाजूच्या खुर्चीवर, हे त्यांना बोचायचं. बोचून बोचून एक दिवस त्यांना आठवलं, की बेचाळीस साली आपणही तुरुंगात होतो.

त्यांनी मला बोलावून घेतलं. “बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. आमचा एक अर्ज लिहून द्या. स्वातंत्र्यसैनिकाचा.” मी तात्पुरत्या नेमणुकीवर होते. कायम करणं त्यांच्याच हातात होतं, आणि ते त्यांनी संत्र्याची फोड पुढे करता करता दोनदा सांगितलं. मी लिहायला बसले. दादासाहेबांना तारखा आठवेनात, बराक आठवेना, सोबतचे कोण तेही आठवेना. “तुम्ही हुशार आहात, लिहा ना जरा रंगवून,” म्हणाले.

आणि मी गाढवाने रंगवलं! अर्ज फार कोरडा वाटत होता, म्हणून त्यात थाळीची गोष्ट घातली. ‘एके दिवशी किडक्या ज्वारीची भाकर आली असता मी व आमच्या शाळेतील ज्येष्ठ शिक्षक अशा आम्ही दोघांनी आपापल्या थाळ्या जेलरच्या अंगावर फेकल्या’ असं सुबक, टपोऱ्या अक्षरात लिहिलं. सरांना बरं वाटेल, असंच मला वाटलं होतं. शपथेवर सांगते.

त्या काळी तुरुंगाचे जुने कागद सहसा हाती लागत नसत. म्हणून अर्जावर सोबत तुरुंगात असलेल्या दोघांची साक्ष लागे. एक साक्षीदार दादासाहेबांनी आर्वीकडचा कोणीतरी गाठला. दुसरी सही सरांची हवी होती. दादासाहेब अर्ज घेऊन स्वतः शिक्षकांच्या खोलीत आले. मी तिथेच वह्या तपासत होते.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. मग विचारलं, “थाळी कोणत्या हातानं फेकली, दादासाहेब?”

“उजव्या.”

“अन् मी?”

“तुम्हीही उजव्याच. असं काय विचारता, मास्तर? दर साली सांगता की!”

सरांनी कागदाची घडी घातली आणि परत दिली. “सही नाई करत.”

दादासाहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही. शिक्षिका म्हणजे खोलीतलं कपाटच, असा त्यांचा हिशेब असावा. ते शांतपणे म्हणाले, “तालुक्याहून नायब तहसीलदार येणार आहेत चौकशीला. तिथं तरी नीट बोला. तुम्ही मला ओळखलं नाही, तर तुम्हाला ओळखणारं कोण आहे, मास्तर? तुमच्यासोबतचे तर सगळे वर गेले.”

मी त्याच संध्याकाळी सरांच्या घरी गेले. ओट्यावर त्यांची बायको, आमच्या काकू, तुरीच्या शेंगा सोलत होत्या, सर त्यांच्या शेजारी बसून सोललेले दाणे खात होते. मी सगळं सांगून टाकलं. थाळी माझीच करामत आहे, मला माफ करा म्हटलं.

“माफी कायची?” सर म्हणाले. “तुमी पाह्यलं ते लिहिलं नाई, ऐकलं ते लिहिलं. अन् मी सांगतलं ते तुमी ऐकलं.” थोडा वेळ दाणे चघळत राहिले. “थाळी फेकलीच नोती कोणी.”

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“किडकी भाकर आलती. सगळ्यायनं खाल्ली. मीही खाल्ली. भूक लागलती. सुटून घरी आलो तं सारं गाव गोळा झालं. काय केलं रे तिथं, काय केलं? म्हटलं, काही नाई केलं. माह्या बापाचं तोंड असं उतरलं, बाई! त्याचं तोंड पाह्यलं अन् मी थाळी फेकली.”

“अवो!” काकू म्हणाल्या. “तीस वर्षं मी बायायमधी सांगून राह्यली ना, का माह्या नवऱ्यानं थाळी फेकली! माहेरी सांगतलं. पोरीच्या सासरी सांगतलं!”

“मालूम हाये.”

“अन् आता?”

पेच मला समजला. थाळी घडलीच नव्हती, आणि हे एकट्या सरांना ठाऊक होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं तर दादासाहेबांचा अर्ज जागच्या जागी फाटत होता. पण त्याच्याबरोबर सरांचं सगळं नाव, काकूंची मान आणि चाळीस वर्षांपूर्वीचा खरा तुरुंगही फाटत होता. एकदा खोटा ठरलेल्याचं खरं कोण ऐकून घेतो?

मी रडकुंडीला आले. “सर, नुसतं ‘मला आठवत नाही’ म्हणा ना. सही होणार नाही आणि थाळीही निघणार नाही.”

“आठवत नाई?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरकले. “ही तं सगळ्यात मोठी फोकनाड झाली, बाई. मले रोज आठवते.”

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि पदराने हात पुसले. मला वाटलं आता भांडण. त्या म्हणाल्या, “सांगाचं असंल तं खडखडीत सांगजा. पुटपुटू नका.”

चौकशी शाळेच्याच मोठ्या खोलीत झाली. टेबलामागे नायब तहसीलदार, शेजारी दादासाहेब, समोर अर्धं गाव आणि खिडक्यांना लटकलेलं उरलेलं अर्धं. अर्ज वाचला गेला. थाळीशी आल्यावर लोकांनी माना डोलावल्या. ती आता सगळ्यांच्या घरचीच गोष्ट होती ना.

साहेबांनी सरांना विचारलं, “हे अर्जदार तुमच्यासोबत होते का?”

“नाई.”

“तुम्ही विसरला असाल. अर्जात थाळीचा प्रसंग सविस्तर आहे. आत नसलेल्या माणसाला तो कसा कळेल?”

“माह्या तोंडून,” सर म्हणाले. आवाज असा, की बाहेरचा ट्रकही ऐकून गेला असेल. “थाळी कोणी फेकलीच नाई, साहेब. ना यायनं, ना म्यां. ते म्यां मनानं रचलं अन् दर साली झेंड्याखाली उभं राहून सांगतलं. जो आत होता त्याले मालूम असतं का असं काही झालंच नाई. यायले मालूम नाई, कारण हे आत नोते. लिहून घ्या.”

साहेबांची लेखणी थांबलेली. “म्हणजे तुम्ही इतकी वर्षं...”

“फोकनाड मारली. तेही लिहा.”

“लिहितोय. पण मास्तर, मग तुमचं तरी खरं कशावरून? तुम्ही तरी तुरुंगात होता का?”

सरांनी खांद्यावरच्या झोळीतून ताम्रपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याला पीठ लागलेलं होतं. “याची तपासणी करा. जोवर होत नाई तोवर तुमच्यापाशीच ठेवा.” आणि ते खोलीबाहेर निघून गेले. काकू दारातच उभ्या होत्या. पदर डोक्यावर, मान ताठ. दोघं भर रस्त्याने, ट्रकांच्या धुळीतून, शेजारी शेजारी चालत घरी गेली. आमच्याकडे त्या वयाच्या बायका नवऱ्याच्या चार पावलं मागून चालतात. काकूंनी त्या दिवशी ते चार पावलांचं अंतर ठेवलं नाही.

दादासाहेबांचा अर्ज फेटाळला गेला. इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण गाव म्हणजे गाव. दादासाहेबांचं खोटं लोकांनी आठ दिवसांत माफ केलं. मोठा माणूस, हौस केली, काय बिघडलं? सरांचं खरं मात्र कोणी माफ केलं नाही. ज्या गोष्टीने आपल्या अंगावर काटा आला होता, ती हिसकावून घेणाऱ्याचा लोकांना राग आला होता. पोरं मागून ओरडायची, “फोकनाड सर! फोकनाड सर!” सर वळून म्हणायचे, “हजर.” पानठेल्यावर त्यांच्यासाठी बाक मोकळं होईना. काकूंना हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. मला वाटे, चौकात उभं राहून एकेकाची चंपी करावी! केलीही दोघातिघांची. माझी नेमणूक कायम व्हायला त्यामुळे आणखी दोन वर्षं लागली, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

त्या वर्षीचा पंधरा ऑगस्ट आला. सरांची चौकशी चालू आहे, म्हणून झेंडा दादासाहेबांनी फडकवला. सर आठवी ‘ब’च्या रांगेमागे उभे होते, टाळ्या वाजवताना इतरांच्या बरोबरीने वाजवत होते. माझाच जीव तिळतिळ तुटत होता.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये टपालाने एक लिफाफा आला. तुरुंगातल्या जुन्या नोंदवहीचा उतारा सापडला होता. सरांनी तो कोणालाही दाखवला नाही. पंधरा ऑगस्टला दादासाहेबांनी झेंडा फडकवला, भाषण केलं, आणि मुख्याध्यापक आभार मानायला उठले, इतक्यात सर रांगेमागून निघाले आणि सरळ मंचावर चढले. कोणी बोलावलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी हात आडवा केला, तो त्यांनी हळूच बाजूला सारला.

“कागद आला हाये,” सर म्हणाले. “वाचतो. नाव, माहंच. वय सतरा. मुदत नऊ महिने. काम, भाजी निवडणे. वर्तणूक, चांगली. तक्रार नाही.” त्यांनी कागद दोन्ही हातांनी उंच धरला, मागच्यांनाही दिसेल असा. “एवढंच हाये. थाळी नाई. फटके नाई. भाजी निवडली.”

पोरं हसली. मोठी माणसंही हसली. ते हसू मला सुईसारखं टोचलं. सतरा वर्षांच्या पोराचे नऊ महिने गेले होते, आणि लोकांना त्यातली भाजी दिसत होती. दादासाहेबांना आयतीच संधी मिळाली. दीड वर्ष पोटात ठेवलेलं त्यांनी खुर्चीत बसूनच बाहेर काढलं. “म्हणजे मास्तर, नऊ महिने सरकारच्या भाकरी खाल्ल्या आणि केलं काहीच नाही! मग तिथं बसून राहिला कशाला? लवकर घरी यायचं होतं!”

लोक पुन्हा हसले. सरांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दादासाहेबांकडे वळले. रागाने नव्हे, वर्गात कोणी चांगला प्रश्न विचारला की वळायचे तसे.

“येता येत होतं, दादासाहेब. दर सोमवारी जेलर कागद आणून समोर ठेवे. चूक झाली, पुन्हा करणार नाही, असं लिहिलेलं राहे. खाली सही केली का त्याच दिवशी घरी. माह्या बराकीतल्या बऱ्याच जणायनं केली, त्यायचे लेकरंबाळं होते, त्यायले नावं ठेवत नाई. मी नाई केली.”

ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत सर थांबले.

“नऊ महिन्यांचे सोमवार मोजा,” ते म्हणाले. “तेवढ्या वेळा नाई केली. दुसरं काही केलं नाई.”

आणि ते मंचावरून उतरून पुन्हा रांगेमागे आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.